मूत्राशयाचा कॅन्सर निघालाय: पहिल्या रिपोर्टपासून उपचार ठरेपर्यंत

लघवीतून लाल रक्त जातं, दुखत काहीच नाही, आणि दोन-चार दिवसांत ते आपोआप थांबतंही. मूत्राशयाच्या कॅन्सरची सुरुवात बहुतेक वेळा अशीच होते, आणि थांबलं म्हणूनच माणूस फसतो. कुणी इन्फेक्शन समजून अँटिबायोटिकचा कोर्स देतं, कुणी मुतखडा म्हणतं, पन्नाशीपुढच्या पुरुषाच्या बाबतीत सगळं प्रोस्टेटवर ढकललं जातं. पाळी थांबलेल्या बाईला तर रक्त लघवीतून आलं की अंगावरून गेलं, हेच आधी कळत नाही. हा आजार पुरुषांत तिप्पट-चौपट दिसतो, पण बायकांमध्ये निदान उशिरा होतं ते यामुळे. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असल्या तरी "गोळीनेच आलं असेल" म्हणून विषय सोडू नये. डोळ्यांना दिसेल एवढं रक्त एकदा जरी गेलं, तरी युरोलॉजिस्टकडे जायचं.

ज्यांच्या घरात सोनोग्राफीत "मूत्राशयात गाठ" असं निघालंय किंवा तुकड्याचा रिपोर्ट हातात आलाय, त्यांच्यासाठी पुढचं सगळं. माझं सांगणं एका प्रश्नाभोवती फिरतं: गाठ मूत्राशयाच्या स्नायूत शिरली आहे की नाही? याचं पक्कं उत्तर मिळेपर्यंत मोठा निर्णय घेऊ नका. उत्तर मिळालं की मात्र मुहूर्त बघत बसू नका.

पायरी १: गाठ काढण्याआधीच्या तपासण्या

सोनोग्राफीत लहान गाठी सुटू शकतात, त्यामुळे सोनोग्राफी साफ आहे म्हणून सुटलो असं होत नाही. मूत्राशय आतून दुर्बिणीने बघणं, म्हणजे सिस्टोस्कोपी, हीच खरी तपासणी. ती बाह्यरुग्ण विभागात, भूल देणारी जेली वापरूनही होते. सोबत सीटी युरोग्राफी करतात, कारण मूत्राशयात जे अस्तर असतं तेच वर मूत्रनलिकांमध्ये आणि किडनीच्या तोंडाशीही असतं, आणि तिथेही गाठ असू शकते. सीटीसाठी शिरेतून जे औषध देतात ते किडनीला जड जाऊ शकतं, म्हणून आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती चालते हे दाखवणारी रक्ताची तपासणी, करतात. मधुमेहाच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत तेही आधी सांगावं.

क्रम महत्त्वाचा आहे. सीटी किंवा एमआरआय करायचाच असेल तर गाठ खरवडून काढण्याच्या आधी करा. ऑपरेशननंतर मूत्राशयाच्या भिंतीला सूज येते आणि मग ती सूज की उरलेली गाठ हे चित्रात ओळखणं अवघड होतं. "आधी काढून टाकू, मग बघू" अशी घाई अनेक ठिकाणी होते. तिथे हा प्रश्न विनयाने, पण जरूर विचारा.

याच वेळी डॉक्टरांना तंबाखूचा पूर्ण इतिहास सांगा. मूत्राशयाच्या कॅन्सरच्या जवळपास निम्म्या रुग्णांत धूम्रपान हे कारण असतं, आणि त्यात बिडीही आली. धुरातली घातक द्रव्यं रक्तातून किडनीत आणि तिथून लघवीत उतरतात, आणि लघवी तासन् तास मूत्राशयात साठून राहते. रंगाच्या, रबराच्या कारखान्यात काम केलं असेल तर तेही सांगा. रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना हा आजार होतो हे लुडविग रेन या जर्मन सर्जनने १८९५ सालीच नोंदवलं होतं. "आता झालाच आहे, मग सोडून काय उपयोग" हे चुकीचं आहे. गाठ पुन्हा होण्याची शक्यता आणि ऑपरेशननंतरचा छातीचा त्रास, दोन्ही धूम्रपानाशी बांधलेले आहेत.

पायरी २: दुर्बिणीचं पहिलं ऑपरेशन

डॉक्टर याला टीयूआरबीटी म्हणतात. लघवीच्या मार्गातून दुर्बीण घालून गाठ आतून खरवडून काढतात. पोटावर टाका नसतो. बहुधा कमरेत इंजेक्शन देऊन भूल देतात आणि नंतर एक-दोन दिवस लघवीची नळी असते. निदान आणि उपचाराची सुरुवात, दोन्ही यातूनच होतात.

"तुकडा काढला की कॅन्सर पसरतो", "हवा लागली की वाढतो" असं सांगणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. त्यांच्याशी वाद घालत बसू नका. तुकड्याशिवाय उपचार ठरत नाही, एवढं सांगून विषय संपवा.

ऑपरेशनच्या आधी सर्जनला दोन गोष्टी विचारा. गाठीच्या बुडातला स्नायूचा भाग घेऊन तो वेगळ्या बाटलीत पाठवणार का? आणि गाठ लहान, साधी वाटली तर पहिल्या २४ तासांत मूत्राशयात किमोचा एक डोस सोडणार का? लो ग्रेड गाठ पुन्हा येण्याचं प्रमाण या एका डोसाने कमी होतं. मात्र मूत्राशयाला भोक पडलं असेल किंवा रक्तस्राव खूप असेल तर तो देत नाहीत. तो निर्णय त्यांचा.

पायरी ३: रिपोर्ट वाचणं

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. पॅथॉलॉजीचा कागद दोन-तीन पानांचा असतो, पण आपल्याला त्यातून तीनच गोष्टी शोधायच्या आहेत.

पहिली, ग्रेड. पेशी दिसायला किती बिघडलेल्या आहेत ते यातून कळतं. लो ग्रेड म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा, पण सहसा आत न घुसणारा. हाय ग्रेड म्हणजे घुसण्याची प्रवृत्ती असलेला.

दुसरी, खोली. टी-ए म्हणजे गाठ फक्त अस्तरावर. टी-१ म्हणजे अस्तराखालच्या थरात शिरलेली, पण स्नायूपर्यंत न पोचलेली. टी-२ म्हणजे स्नायूत. टी-३ स्नायूच्या बाहेरच्या चरबीत आणि टी-४ शेजारच्या अवयवांत. सीआयएस असं लिहिलं असेल तर तो सपाट पसरलेला हाय ग्रेड प्रकार. दिसायला नुसता लाल चट्टा, पण त्याला हलक्यात घेऊ नये. पहिल्या निदानाच्या वेळी चारांतल्या सुमारे तीन रुग्णांची गाठ स्नायूत शिरलेली नसते.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते: तुकड्यात स्नायू आला होता का? रिपोर्टमध्ये "मस्क्युलारिस प्रोप्रिया" किंवा "डिट्रुसर मसल" दिसला की नाही हे लिहिलेलं असावं लागतं. "स्नायू आहे, त्यात कॅन्सर नाही" हे एक वाक्य आणि "स्नायू आढळला नाही" हे दुसरं. दोन्हींत स्नायूतला कॅन्सर दिसलेला नाही, पण अर्थ अगदी वेगळा. दुसऱ्या वाक्याचा अर्थ एवढाच की तपासायला स्नायूच मिळाला नाही. अशा रिपोर्टवर "सुरुवातीचाच आहे, काळजी नको" असं कुणी म्हणालं तर थांबा.

रिपोर्ट टी-१ असेल किंवा स्नायू आलेला नसेल, तर साधारण दोन ते सहा आठवड्यांत दुर्बिणीचं ऑपरेशन पुन्हा करतात. (लो ग्रेड टी-ए असेल तर स्नायू आला नाही म्हणून सहसा ते लागत नाही.) घरच्यांना हे पटत नाही. "पहिल्यांदा नीट काढलं नव्हतं का?" असा संशय येतो. पण टी-१ मध्ये चांगल्या हातांनी केलेल्या ऑपरेशननंतरही तीनांत एक ते निम्म्या रुग्णांत काही ना काही उरलेलं सापडतं, आणि काहींच्या बाबतीत खरी खोली तेव्हाच कळते. दुसरं ऑपरेशन पैसे काढायला सांगतात असं धरून चालू नका.

रिपोर्टसोबत काढलेल्या तुकड्याच्या काचपट्ट्या आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या. मोठ्या कॅन्सर केंद्रात ते पुन्हा तपासतात, आणि तिथे ग्रेड किंवा खोली बदलली तर उपचारही बदलतो.

पायरी ४: स्नायूत शिरलेली नसेल तर

लो ग्रेड, लहान, एकुलती टी-ए गाठ असेल तर बहुधा एवढ्यावर भागतं. पुढे ठरलेल्या वेळी दुर्बिणीने बघत राहायचं. मधल्या धोक्याच्या गटात (इतकी साधीही नाही आणि खाली सांगितलेली हाय ग्रेडही नाही अशी गाठ) मूत्राशयात किमोचे किंवा बीसीजीचे डोस देतात.

हाय ग्रेड, टी-१ किंवा सीआयएस असेल तर मुख्य उपचार बीसीजी. हो, बाळाच्या दंडावर टोचतात तीच क्षयाची लस, पण कितीतरी मोठ्या मात्रेत आणि थेट मूत्राशयात. १९७६ साली कॅनडातल्या अल्वारो मोरालेस यांनी हा उपचार प्रसिद्ध केला आणि तो अजून टिकून आहे. हे औषध आपल्याकडे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनतं. तरीही जगभर त्याची टंचाई अधूनमधून होते, म्हणून कोर्स सुरू करण्यापूर्वी सगळे डोस मिळतील ना, हे हॉस्पिटलच्या फार्मसीत विचारून ठेवा.

पद्धत साधी आहे. ऑपरेशननंतर निदान दोन आठवडे जाऊ देतात, मग आठवड्यातून एक असे सहा डोस. पातळ नळीतून औषध सोडतात, नळी काढतात, आणि दोन तास लघवी रोखायची असते. त्या दिवशी सकाळी चहा-पाणी कमी घ्या, म्हणजे रोखणं सोपं जातं. त्यानंतरचे सहा तास पुरुषांनीही बसूनच लघवी करावी, संडासात ब्लीच ओतून पंधरा मिनिटं थांबावं आणि मग पाणी सोडावं. घरात लहान मुलं असतील तर हे काटेकोर पाळा.

सहा डोसांवर थांबायचं नसतं. हाय रिस्क, म्हणजे वर सांगितलेल्या हाय ग्रेड, टी-१ किंवा सीआयएसच्या रुग्णांत देखभालीचे डोस एक ते तीन वर्षं चालतात: ३, ६, १२, १८, २४, ३० आणि ३६व्या महिन्यात, दर वेळी तीन. पहिल्या सहांनंतर बरं वाटतं आणि माणसं यायची बंद होतात, तिथेच फायदा हातचा जातो.

डोसानंतर एक-दोन दिवस जळजळ, वारंवार लघवी, कणकण हे अपेक्षित असतं. ताप १०१च्या वर जाऊन दोन दिवसांत उतरला नाही, थंडी वाजून आली किंवा सांधे धरले, तर त्याच हॉस्पिटलला फोन करा. गल्लीतल्या दवाखान्यात गेलात तर "मला मूत्राशयात बीसीजी दिलंय" हे पहिलं वाक्य असू द्या. क्वचित या जंतूचा संसर्ग अंगभर पसरतो आणि मग क्षयाची औषधं द्यावी लागतात. त्यातलं पायराझिनामाइड या जंतूवर चालत नाही, म्हणून हा इतिहास माहीत असणं गरजेचं. लघवीतून लाल रक्त जात असेल, इन्फेक्शन असेल किंवा नळी घालताना जखम झाली असेल तर त्या दिवशीचा डोस पुढे ढकलतात. स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर आधीच सांगा.

बीसीजी नीट देऊनही हाय ग्रेड कॅन्सर परत आला तर मूत्राशय काढण्याचा सल्ला देतात. ज्यांना ते झेपणार नाही किंवा नको आहे त्यांच्यासाठी जेमसिटाबिन आणि डोसिटॅक्सेल ही किमोची दोन औषधं एकामागोमाग मूत्राशयात सोडण्याचा पर्याय आहे. तो निवडताना धोका पत्करतोय हे समजून निवडावा.

पायरी ५: स्नायूत शिरली असेल तर

आता घड्याळ चालू झालं. निदानानंतर उपचार तीन महिन्यांच्या पुढे लांबला तर निकाल बिघडतात. काढा, भस्म, अमुक गावचं औषध यांत जे दिवस जातात ते या तीन महिन्यांतूनच जातात.

छाती-पोटाच्या सीटीत आजार बाहेर पसरलेला दिसला नाही, तर आपल्यासमोर दोन रस्ते असतात.

पहिला: आधी किमो, मग मूत्राशय पूर्ण काढणं. सिस्प्लॅटिन असलेली किमो ऑपरेशनच्या आधी घेतल्याने पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण शंभरामागे सुमारे पाचने वाढतं. आकडा लहान वाटतो, पण खरा आहे. त्यासाठी किडनी धड लागते. गाठीने मूत्रनलिका दबून किडनी फुगली असेल तर आधी स्टेंट (मूत्रनलिकेत बसवायची बारीक नळी) किंवा पाठीतून नळी टाकून क्रिएटिनिन खाली आणतात. ऑपरेशनमध्ये पुरुषांत मूत्राशयासोबत प्रोस्टेट, आणि बायकांत अनेकदा गर्भाशय व योनीचा पुढचा भागही काढतात, शिवाय ओटीपोटातल्या लसिका ग्रंथी. हे फार मोठं ऑपरेशन आहे. चांगल्या केंद्रांतही पहिल्या तीन महिन्यांत निम्म्याहून अधिक रुग्णांना लहान-मोठी काही तरी गुंतागुंत होते. म्हणून घराजवळचं हॉस्पिटल की लांबचं, या प्रश्नाचं माझं उत्तर ठाम आहे: जिथे हे ऑपरेशन नेहमी होतं तिथे जा. "वर्षाला अशी किती करता?" असं सर्जनला विचारण्यात उद्धटपणा नाही.

दुसरा रस्ता मूत्राशय वाचवण्याचा: दुर्बिणीने शक्य तेवढी गाठ काढायची आणि मग रेडिएशन, म्हणजे ज्याला आपण शेक म्हणतो, आणि सोबत किमो. गाठ एकच, फार मोठी नसलेली, किडनी न फुगलेली, सीआयएस न पसरलेला आणि मूत्राशय चांगलं चालणारं, अशा निवडक रुग्णांत याचे निकाल ऑपरेशनच्या जवळपास येतात. म्हातारपणामुळे ऑपरेशन झेपत नाही त्यांच्यासाठीच हा उपचार आहे, असा समज चुकीचा. मात्र नंतर आयुष्यभर दुर्बिणीची तपासणी टळत नाही, आणि काहींना पुढे मूत्राशय काढावंच लागतं. सर्जनने हा पर्याय काढलाच नाही, तर रेडिएशनच्या डॉक्टरांना स्वतः भेटा. जिथे सगळे विभाग एकत्र बसून केस बघतात, म्हणजे ट्यूमर बोर्ड असतो, तिथे हा प्रश्न आपोआप निघतो.

मूत्राशय काढायचं ठरलं तर लघवी कुठून बाहेर येणार, हेही आधीच ठरवावं लागतं. सगळ्यात जास्त केली जाते ती इलियल कॉन्ड्यूइट: लहान आतड्याचा साधारण वीतभर तुकडा घेऊन त्याचं तोंड पोटावर उजव्या बाजूला काढतात आणि त्यावर पिशवी चिकटवतात. पिशवीला तोटी असते, दर काही तासांनी रिकामी करायची, रात्री मोठी पिशवी जोडायची. दुसरा प्रकार निओब्लॅडर: आतड्याचाच गोळा शिवून मूत्राशयाच्या जागी बसवतात, लघवी नेहमीच्या मार्गाने होते. ऐकून सगळ्यांना हाच हवा असतो. पण त्यात लघवी लागल्याची जाणीव पूर्वीसारखी नसते, पोटावर जोर देऊन करावी लागते, सुरुवातीला रात्री गजर लावून उठावं लागतं, अंथरूण ओलं होतं, आणि काहींना, विशेषतः बायकांना, स्वतः नळी घालून रिकामं करावं लागतं. किडनी कमजोर असेल किंवा मूत्रमार्गात कॅन्सर असेल तर तो करता येत नाही. शेतावर, रिक्षावर, दुकानात दिवसभर असणाऱ्या माणसाला पिशवी कधी कधी जास्त सोयीची पडते.

पिशवीची जागा ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पोटावर खूण करून ठरवतात. तेव्हा रोजचे कपडे घालून जा. पँटचा पट्टा, धोतर, परकराची नाडी कुठे येते, मांडी घालून बसल्यावर पोटाची वळी कुठे पडते, हे बघूनच खूण व्हायला हवी. शक्य असेल तर पिशवी लावून वर्षानुवर्षं जगणाऱ्या एखाद्याशी आधी बोला. स्टोमा (पोटावर काढलेलं तोंड) क्लिनिकमधून किंवा ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडियामार्फत अशी गाठ घालून मिळू शकते.

लैंगिक संबंधांचा विषय डॉक्टर काढत नाहीत आणि रुग्णही काढत नाही. पुरुषांत ताठरता जाण्याची शक्यता मोठी असते, बायकांत योनी आखूड होते. नसा किंवा अवयव वाचवता येतील का, हे ऑपरेशनपूर्वीच विचारायचं. नंतर विचारून उपयोग नाही.

आणि म्हणूनच "बाबांना सांगू नका" हे या आजारात चालत नाही. ज्याच्या पोटावर पिशवी येणार त्याला कॅन्सर आहे हे माहीत नसेल, तर सकाळी उठून तो काय बघणार आहे? थोडं थोडं सांगा, डॉक्टरांच्या तोंडून सांगा, पण ऑपरेशनच्या आधी सांगा.

आजार फुप्फुस, यकृत, हाडांपर्यंत गेला असेल तर मूत्राशय काढणं हा पहिला उपचार नसतो. किमो आणि इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारी औषधं, देतात. एनफॉर्टुमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब या नव्या औषधांच्या जोडीने २०२३ साली जाहीर झालेल्या चाचणीत निम्मे रुग्ण ३१.५ महिन्यांपलीकडे जगले, जुन्या किमोवर हाच आकडा १६.१ महिने होता. बहुतेक घरांना ही किंमत परवडत नाही. घर विकण्याआधी क्लिनिकल ट्रायल किंवा कंपनीची सवलत योजना आहे का हे विचारा. सतत रक्त जात असेल तर थोड्या शेकांनीही ते थांबवता येतं.

पायरी ६: दुसरं मत, पैसा, मुक्काम

दुसरं मत घ्यायला परळचं टाटा मेमोरियल एवढाच पर्याय नाही. खारघरचं टाटाचंच अ‍ॅक्ट्रेक, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी हॉस्पिटल आणि नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कॅन्सर रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल, गोव्यात बांबोळीचं जीएमसी (गोवा मेडिकल कॉलेज). टाटाशी जोडलेल्या 'नव्या' या ऑनलाइन सेवेतून कागद पाठवूनही मत मिळतं. परदेशातून आई-वडिलांची सूत्रं हलवणाऱ्या मुलांना ही सोयीची आहे.

महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. फुले योजना कॅशलेस आहे. आधी पैसे भरून नंतर परतावा मिळेल, असं धरून चालू नका. दाखल होण्याआधी रेशनकार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटा. धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याकडे उत्पन्नाच्या दाखल्यासह जा. उपचारासाठी रेल्वेने जाताना कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीला पूर्ण, तर सोबत्याला ७५ टक्के सवलत असते. मुंबईत राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती. दोन्हीकडे हॉस्पिटलची चिठ्ठी घेऊन जा आणि जागा लगेच मिळेल असं धरू नका.

पायरी ७: नंतरच्या तारखा

हा कॅन्सर परत येण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. लो रिस्क गाठीत पहिली दुर्बीण तीन महिन्यांनी, ती साफ असली तर मग ऑपरेशनला वर्ष झाल्यावर आणि पुढे वर्षाला एक, पाच वर्षं. हाय रिस्कमध्ये पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, नंतर दरवर्षी. मधूनमधून सीटी युरोग्राफी, कारण वरच्या नलिकांतही गाठ होऊ शकते.

मूत्राशय काढलेल्यांनी वर्षातून एकदा बी-१२ जीवनसत्त्व आणि क्रिएटिनिन तपासावं. बी-१२ शोषणारा आतड्याचा भागच वापरलेला असतो. लघवीत पांढरे धागे दिसले तर घाबरू नका, तो आतड्याचा चिकट स्राव आहे. निओब्लॅडर असलेल्याने खिशात एक कार्ड ठेवावं: "मूत्राशय आतड्याचं आहे, नळी जोर लावून घालू नये." बेशुद्धीत कुठल्या हॉस्पिटलात नेलं जाईल, सांगता येत नाही.